सातवी मशीन

भुताच्या गोष्टी बहुतेक रात्रीच्या असतात. माझी भर दुपारची आहे.

गेल्या वर्षीचा मे महिना. रविवार. अमावस्या-बिमावस्या काही नव्हती, साधा रविवार होता. ठिकाण परभणी. वसमत रोडच्या आतल्या बाजूला एक दुमजली इमारत आहे, तिचा वरचा मजला. जे झालं ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. पुरावा मागाल तर माझ्याकडे काहीच नाही. म्हणूनच इतके दिवस गप्प होते.

मी रोहिणी. माहेर पूर्णेचं, वडील रेल्वेत होते. आमच्या घरात उतारे, अंगारे, भूतखेत काही नाही. आजोबांनी धम्म स्वीकारला तेव्हाच ते सगळं घराबाहेर गेलं. लहानपणी शेजारच्या बायका म्हणायच्या, "भर बाराला चिंचेखाली जाऊ नाही गं, पोरी." मी मुद्दाम जायचे. चिंचा पाडून आणायचे.

हे एवढ्यासाठी सांगते, की मी घाबरट नाही.

निदान तेव्हा नव्हते.

पुण्यात काही वर्षं कॉम्प्युटरची नोकरी केली आणि मग परभणीला परत आले. इथं एका संस्थेची ॲम्ब्युलन्स सेवा आहे, खेड्यापाड्यांसाठी. कुणाचा फोन आला की कंट्रोल रूममध्ये घ्यायचा, जवळची गाडी कोणती ते स्क्रीनवर दिसतं, तिच्या ड्रायव्हरला लगेच जोडून द्यायचं. फोन, नकाशा, गाड्या, सगळं सॉफ्टवेअरवर. ते सॉफ्टवेअर सहा मशिनींवर चालतं. त्या मशिनी सांभाळणं हे माझं काम.

या सहा मशिनींच्या टोळीला आमच्या भाषेत क्लस्टर म्हणतात. समजायला सोपं आहे. एक गाडी आहे समजा, सहा डब्यांची. एका डब्यात गार्ड बसलाय. कोणता प्रवासी कोणत्या डब्यात बसणार, ते तो ठरवतो. एखादा डबा दुरुस्त करायचा झाला तर त्यातले प्रवासी बाकीच्या डब्यांत बसवायचे, डबा रिकामा करायचा, दुरुस्त करायचा, परत जोडायचा. मग पुढचा डबा. गाडी थांबवायची नाही.

अपग्रेड म्हणजे हेच. माऊस नाही, चित्रं नाहीत. काळी स्क्रीन, आणि एकेक ओळ टाईप करून दिलेली कमांड.

मशिनींना नावं तालुक्यांची होती. परभणी, पूर्णा, पालम, सेलू, मानवत, पाथरी.

सहाच.

अपग्रेड टाळता येण्यासारखं नव्हतं. आतल्या सर्टिफिकेटांची मुदत सोमवारी संपत होती. ती संपली की मशिनी एकमेकींना ओळखायचंच बंद करतात. रात्री करावं तर आमच्याकडे रात्रीच फोन जास्त. बाळंतपणं, विंचूकाटा, रस्त्यावरचे अपघात. मेमध्ये भर दुपारी सगळा जिल्हा दारं लावून पडलेला असतो. म्हणून रविवारची दुपार ठरली.

कंट्रोल रूममध्ये त्या दिवशी एकटे महारुद्र काका होते. वयस्कर माणूस, फोनवरचा सगळ्यांत जुना. त्यांची खोली आणि माझी मशिनींची खोली यांच्या मध्ये काचेची भिंत. ते मला दिसतात, मी त्यांना दिसते.

"रोहिणीताई, गाडी थांबणार न्हाई ना?" त्यांनी दारातून विचारलं.

"नाही काका. तुम्हाला कळणार पण नाही."

सुरुवात चांगली झाली. 'परभणी' ही गार्डाची मशीन, ती आधी केली. बिनबोभाट झाली. मग 'पूर्णा' रिकामी केली. तिच्यावरचे सगळे प्रोग्राम बाकीच्यांवर जाऊन बसले. 'पूर्णा' अपग्रेड केली, परत जोडली.

ती उठली... पण तयार होईना.

स्क्रीनवर तिच्या नावापुढे 'नॉट रेडी'. नेटवर्कचा एक भाग नव्या व्हर्जनशी जुळत नव्हता. असं होतं. मी तो भाग शोधायला लागले.

तेवढ्यात लाईट गेली.

खाली कुठंतरी डीपी जळाली होती. मशिनी इन्व्हर्टरवर गेल्या. एसी इन्व्हर्टरवर नव्हता. बाहेर ऊन असं, की खिडकीच्या गजाला हात लावला तर चटका बसावा.

"काका, जनरेटर!"

"लावतो, लावतो." महारुद्र काका जिन्यानं खाली पळाले.

जनरेटरचा आवाज यायला पाहिजे होता. एकदा घरघरला आणि बंद पडला. पुन्हा घरघरला. बंद.

खोलीत गरम हवा साचायला लागली. मशिनींचे पंखे किंचाळायला लागले. फार तापली की मशीन स्वतःच बंद होते, जळू नये म्हणून. हे मला माहीत होतं. मी टेबलावरचा पुठ्ठा उचलला आणि वारा घालायला लागले. लोखंडाच्या कपाटाला पुठ्ठ्यानं वारा! हसू येईल तुम्हाला. मला रडू येत होतं.

आधी 'पूर्णा' बंद पडली, मग 'सेलू'.

तिच्यावरचे प्रोग्राम उरलेल्यांवर गेले. त्या आणखी तापल्या.

'पाथरी' गेली.

'मानवत' गेली.

तेवढ्यात काचेपलीकडं फोन वाजला. महारुद्र काका खालीच होते. मी पळत जाऊन हेडफोन कानाला लावला.

एक पुरुष ओरडत होता. "बाई, लवकर गाडी पाठवा... बाळंतीण हाय... रगत थांबंना झालंय... लय रगत जायलंय..."

"गाव कोणतं? दादा, गाव सांगा!"

"गाव ते... पालमच्या..."

आणि फोन मेला.

समोरची स्क्रीनही मेली. 'पालम', शेवटची मशीन, बंद पडली होती. नंबर नाही. गाव नाही. काही नाही.

मी त्या हेडफोनमध्ये "हॅलो, हॅलो" करत राहिले. माझाच आवाज मला ऐकू येत होता.

महारुद्र काका घामानं निथळत वर आले. मी त्यांना सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. "पालम तालुक्यात वाड्या-वस्त्या किती हायती, ताई... कुठं म्हणून पाठवावं?"

"तिथल्या ड्रायव्हरला मोबाईल लावा. तयार तर राहू दे."

पालमच्या गाडीवर दत्तराव होते, नुकतेच लागलेले. काकांनी आपल्या मोबाईलवरून फोन लावला. बिझी. परत लावला. बिझी.

"अशा टायमाला कुणाशी बोलायलाय ह्यो माणूस!"

"तुम्ही जनरेटरचं बघा. मी फोन लावते," मी म्हणाले. ते परत खाली गेले.

मी मशिनींच्या खोलीत आले. गार्डाची मशीन तेवढी चालू होती, कारण ती दारापाशी होती. काळ्या स्क्रीनवर सगळ्या प्रोग्रामांच्या नावांपुढं एकच शब्द. पेंडिंग, पेंडिंग, पेंडिंग. म्हणजे प्रवासी फलाटावर उभे, आणि बसायला डबाच नाही.

दत्तरावांचा फोन बिझीच.

कुठंतरी एक बाई रक्तात पडली होती. तिचा माणूस बंद फोन हातात धरून उभा असेल. मी खुर्चीवर बसले आणि दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं. कुणाला हाक मारावी? देवाला हाक मारायची सवय आम्हाला नाही.

"कुणीतरी या..." एवढंच माझ्या तोंडून निघालं. "कुणीतरी या हो..."

आणि मग...

पंख्यांचा आवाज थांबला.

समोरची मशीन चालू होती. दिवा लागलेला होता. पण आवाज नाही. रस्त्यावरच्या ऑटोंचा आवाज नाही. खालून जनरेटरची खटपट नाही. खिडकीवर चिमण्या असायच्या, त्यांची चिवचिव नाही. कानात कापूस कोंबल्यासारखं झालं.

गरम खोलीत माझ्या मानेवर गार वाटलं.

स्क्रीन हलली. मी कीबोर्डला हातही लावला नव्हता.

पेंडिंगचा एक शब्द बदलला. रनिंग झाला. मग दुसरा. मग सगळेच... एकामागून एक. रनिंग. रनिंग. रनिंग.

मला वाटलं, एखादी मशीन थंड होऊन परत उठली. मी यादी मागवली.

परभणी. रेडी.

पूर्णा. नॉट रेडी.

पालम, सेलू, मानवत, पाथरी. चारही नॉट रेडी.

आणि खाली एक ओळ जास्त होती.

नर्मदा. रेडी.

आमच्याकडे 'नर्मदा' नावाची मशीन नव्हती.

मी मशिनी मोजल्या. सहाच. पाच मेलेल्या, एक जिवंत. मी त्या 'नर्मदा'ला पिंग केलं, म्हणजे तू आहेस का म्हणून विचारलं. उत्तर नाही. तिचा पत्ता बघितला. पत्त्याच्या जागी काही नाही. मशीन कधीपासून जोडलेली आहे, त्याचा एक रकाना असतो. तिथं आकडा असतो. तिच्यापुढं आकडा नव्हता. 'अमान्य' अशा अर्थाचा एक शब्द होता.

पण आमचं सगळं सॉफ्टवेअर तिच्यावर बसलं होतं. आणि चालत होतं.

पहिला विचार आला, कुणीतरी बाहेरून घुसलंय. अशी परकी मशीन दिसली की ताबडतोब काढून टाकायची, हे आम्हाला पहिल्याच दिवशी शिकवतात. मी काढून टाकायची कमांड टाईप केली. एंटर दाबायला बोट उचललं...

आणि काचेपलीकडून आवाज आला.

"हां, बोल बाळा."

बाईचा आवाज. वयस्कर. शांत.

"घाबरू नको. तुझ्या आईला दे फोन... हां माय, पोटावर बेंबीच्या खाली हात ठेवा. जोरानं चोळा. गोळा घट्ट लागंस्तवर सोडू नका. मी हाय इथं. फोन ठेवत न्हाई मी."

मी हळूहळू मान वळवली.

कंट्रोल रूम रिकामी होती.

कोपऱ्यातल्या एका खुर्चीवर कुणी बसत नसे. का, ते मी कधी विचारलं नव्हतं. तिच्यासमोरची स्क्रीन चालू होती. बाकी सगळ्या काळ्या. आणि ती खुर्ची... माणूस बोलताना जसा पुढं-मागं झुलतो, तशी बारीक झुलत होती.

"दत्तराव, ओढ्याकडून न्हाई, वरच्या रस्त्यानं घाला गाडी. ओढ्यात रुतताल."

मी बोट मागं घेतलं. कमांड पुसली. एकेक अक्षर, हळू. आवाज न करता.

खरं सांगते, मला पळून जायचं होतं. पण पळाले आणि ते बंद पडलं तर? मी तिथंच बसले. स्क्रीनकडं बघत. काचेकडं बघायचं नाही, असं ठरवून.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. एकदम खालून जनरेटर धडधडला. आणि सगळे आवाज परत आले, कुणीतरी कानातला कापूस ओढून काढावा तसे. त्याच्या पाठोपाठ लाईटही आली. एसी घुमायला लागला. महारुद्र काका वर आले, हात काळे, शर्ट भिजलेला.

"झालं बगा! आता लावा तुमच्या मशिनी."

"काका," मी म्हणाले, "इथं नर्मदा कोण आहे?"

ते जागीच थांबले.

"तुमाला कुणी सांगितलं?"

"कोण आहे?"

"हाय न्हाई, व्हती." ते दाराच्या चौकटीला टेकले. "नर्मदा सिस्टर. जल्मभर पालमकडं नर्स म्हणून राबली. रिटायर झाल्यावर इथं फोनवर आली. ही तुमी यायच्या आदीची गोष्ट. फेब्रुवारीत गेली... त्या खुर्चीवरच. फोन चालू व्हता कानाला."

मी स्क्रीन त्यांच्याकडं फिरवली. त्यांना इंग्रजी यादीतलं फार कळत नाही, पण ते नाव त्यांनी वाचलं. मग त्यांनी काचेतून त्या खुर्चीकडं बघितलं आणि डोळे खाली केले. हात जोडलेले होते.

मी कामाला लागले. बाकी काय करणार? मशिनी थंड झाल्या होत्या. एकेक उठवली. 'पूर्णा'चं नेटवर्क जुळवलं, ती रेडी झाली. मग बाकीच्या चारी. अपग्रेड करून, एकेक करून. शेवटी सहाही उभ्या राहिल्या.

आता 'नर्मदा' रिकामी करायची होती. सोमवारच्या आत सगळं आमच्या मशिनींवर यायलाच पाहिजे होतं.

मी कमांड दिली. तिच्यावरचे प्रोग्राम उठून आमच्या मशिनींवर यायला लागले. नकाशा आला. गाड्या आल्या. एक तेवढा राहिला. फोन जोडून देणारा.

तो उठेना.

स्क्रीनवर तीच ओळ परत परत. काढतोय... काढतोय... काढतोय...

जबरदस्ती करता येते. त्याची वेगळी कमांड असते. पण मला ती टाईप करायचा धीर होईना. महारुद्र काका माझ्या मागं उभे होते. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

"बोला तिच्याशी," ते हळूच म्हणाले. "चांगली बाई व्हती."

मी, जिनं चिंचेखाली जाऊन चिंचा पाडल्या, मी त्या काळ्या स्क्रीनपुढं हात जोडले.

"सिस्टर, झालं आता. सोडा. आम्ही बघतो इथून पुढं."

काही झालं नाही.

काचेपलीकडं कुणीतरी खूप हळू आवाजात बोलत होतं. शब्द कळत नव्हते. मग तो आवाज मध्येच तुटला.

ओळ हलली. प्रोग्राम निघाला. मी परत यादी मागवली.

सहा मशिनी. सहाही रेडी.

तेवढ्यात दत्तरावांचा फोन आला, काकांच्या मोबाईलवर. काकांनी तो स्पीकरवर टाकला.

"काका, बाई वाचली! भक्ती नाव हाय पोरीचं. डागदर म्हणले, अजून थोडं उशीर झालं असतं तर हातची गेली असती. सासूनं पोट चोळून धरलं व्हतं बगा, सरजाबाई म्हणून हाय म्हातारी. तुमच्या मॅडम वाटभर लाईनवर व्हत्या. नव्या हायत का? रस्ता असा सांगत व्हत्या, जसं गावातल्याच हायत!"

"हां," काका म्हणाले. "नव्या हायत."

त्यांनी फोन बंद केला आणि खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले. मीही रडले. नर्मदा सिस्टरची भीती गेली होती. खरंच गेली होती. मला वाटलं, चला, भलं झालं. कुणाचं तरी लेकरू आईविना राहिलं नाही.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती कुणालाही सांगितली असती, आनंदानं.

दिवस मावळायला लागला होता. दुसऱ्या पाळीची माणसं वर आली. मी आणि काका खाली येऊन चहाच्या टपरीवर उभे होतो. तेवढ्यात आमचीच एक ॲम्ब्युलन्स रस्त्यावरून आत वळली. सायरन नाही. हळू, अगदी हळू. आमच्यासमोर येऊन थांबली.

रंगनाथ नावाचा ड्रायव्हर खाली उतरला. परभणीतल्याच गाडीवर असतो, तेव्हा नवा होता. त्यानं मागचं दार उघडलं, स्ट्रेचर अर्धं ओढलं.

"पेशंट कुठं हाय, काका?"

"कोण पेशंट?"

"मला काय ठाऊक? पत्ता तर हाच दिलाय. रोहिणी म्हणून मॅडम हायत म्हणं."

माझ्या हातातला चहा सांडला. पायावर सांडला तरी भाजल्याचं कळलं नाही.

"फोन कधी आला तुला?" काकांनी विचारलं.

"दुपारीच. लाईट येऊन बराच येळ झाला व्हता तवा. कंट्रोल रूमच्या मॅडमचा."

"दुपारी आला आणि तू आता येतोस व्हय रे?"

रंगनाथ गोंधळला. "त्याच म्हणल्या ना काका. घाई करू नको म्हणल्या. सावकाश ये... अजून वेळ हाय म्हणल्या."

टपरीवर स्टोव्हचा आवाज तेवढा येत होता.

"किती?" मी विचारलं. "किती वेळ आहे, ते सांगितलं का?"

"म्या विचारलं की, मॅडम," रंगनाथ म्हणाला. "त्या सांगायलाच लागल्या व्हत्या. तेवढ्यात लाईन कट झाली."

त्याच आठवड्यात मी सगळ्या तपासण्या करून घेतल्या. परभणीत केल्या, मग नांदेडला जाऊन परत केल्या. रक्त, हृदय, डोकं, सगळं. डॉक्टर हसले. म्हणाले, तुम्हाला काही झालेलं नाही, झोप घ्या.

मी अजून तिथंच काम करते. 'नर्मदा' परत कधी यादीत आली नाही. मी रोज बघते. येऊ नये म्हणून बघते की यावी म्हणून, ते मला सांगता येत नाही. यावी, आणि ते अर्धं राहिलेलं वाक्य पुरं करावं, असंही कधीकधी वाटतं.

सायरन वाजवत सुसाट जाणाऱ्या ॲम्ब्युलन्सची मला भीती वाटत नाही. ती दुसऱ्या कुणासाठी असते.

पण कधीतरी संध्याकाळी एखादी सायरन न वाजवता, सावकाश, रस्त्याच्या कडेकडेनं येताना दिसते...

ती माझ्यासमोरून पुढं निघून जाईपर्यंत मला श्वास घेता येत नाही.